आधी पत्रा, मग कापड

वाचकांचे प्रश्न : विमानाची देखभाल

(या सदराच्या लेखिका मूळच्या कराडच्या. सध्या कॅन्ससमधल्या विचिटा इथे त्या विमान मेकॅनिक आणि इन्स्पेक्टर म्हणून काम करतात. या वेळच्या तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे : छोट्या खासगी विमानाचं आतलं काम.)

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही डॅलसजवळ राहतो. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळाल्यावर मी एका मित्राबरोबर भागीदारीत १९७४ चं सेसना १७२एम घेतलं. इंजिन उत्तम आहे, पण आतली अवस्था बघवत नाही. सीटा फाटल्यात, छताचं कापड डोक्यावर लोंबतंय, प्लॅस्टिक पिवळं पडून तडकलंय आणि कार्पेटला कुबट वास येतो. विमानाचं इंटिरिअर करणाऱ्या शॉपनं सांगितलेली रक्कम आम्हाला झेपणारी नाही. गावात गाड्यांच्या सीटा शिवणारा एक चांगला कारागीर आहे. त्याच्याकडून लेदरच्या सीटा करून घ्यायच्या आणि बाकीचं काम आम्ही दोघांनी हँगरमध्ये करायचं, असं चालेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : चालेल, आणि जरूर करा. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेच्या, नियमावलीत भाग ४३ आहे, त्याच्या परिशिष्ट ‘ए’मध्ये पायलट-मालकाला स्वतःच्या विमानावर करता येणाऱ्या कामांची यादी दिली आहे. केबिनमधलं कुशनकाम आणि सजावटीची दुरुस्ती त्यात स्पष्ट लिहिली आहे. सीटबेल्ट बदलणं आहे, मंजूर भाग वापरून सीट बदलणंही आहे. मात्र मुख्य सांगाडा किंवा विमान चालवणारी कुठलीही यंत्रणा त्यासाठी खोलावी लागता कामा नये, ही अट कडक आहे. काम झालं की लॉगबुकात नोंद करायची : काय केलं, तारीख, सही, तुमच्या पायलट सर्टिफिकेटचा नंबर आणि प्रकार. ही नोंद राहिली, तर काम कितीही देखणं होवो, कागदोपत्री ते विमान उडण्यालायक ठरत नाही.

एवढी मोकळीक असली तरी मेकॅनिकला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. वार्षिक तपासणी जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकत्रच काढा. तपासणीसाठी सीटा काढाव्या लागतात, मजल्यावरची झाकणं उघडावी लागतात. तीच उघडझाप दोनदा कशाला करायची?

आता सुरुवातीबद्दल. तुमच्या पत्रात कापडाचा, लेदरचा, रंगाचा विचार आधी झालेला दिसतो. सगळेच तिथून सुरुवात करतात. माझ्या वडिलांचं कराडला ट्रकच्या कुशनकामाचं दुकान होतं. सीट उसवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला भाव सांगत नसत, कारण रेक्झिनच्या खाली काथ्या कुजलाय की पट्टी तुटलीय, हे वरून कळत नाही. विमानाला हा नियम दुपटीनं लागू आहे. तुमच्या विमानानं पन्नाशी ओलांडली आहे. आतलं सगळं निघालं की त्याचा पत्रा आतल्या बाजूनं दिसतो, आणि असा तो पुन्हा केव्हा दिसेल सांगता येत नाही. म्हणून कापडाची ऑर्डर आत्ता देऊ नका. आधी सगळं उतरवा. जे बजेट असेल त्यातला मोठा वाटा कापडाखालच्या गोष्टींसाठी राखून ठेवा. उरेल त्यात सीटा करा.

उतरवताना प्रत्येक भागाचे फोटो काढा. प्रत्येक पॅनेलचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवून वर नाव लिहा, कारण स्क्रूची लांबी महत्त्वाची असते. पॅनेलच्या मागे वायरी आणि कंट्रोलच्या केबली जातात. अर्धा इंच जागी पाऊण इंचाचा स्क्रू गेला, तर तो वर्षानुवर्षं थरथरत वायरीचं आवरण खात बसतो आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. मी अशा वायरी पाहिल्यात, तांबं उघडं पडलेल्या.

छत आणि दरवाज्यांच्या खांबांवरचं प्लॅस्टिक निघालं की पहिली नजर निळ्या डागांवर जाऊ द्या. १७२ मध्ये टाक्या पंखांत असतात आणि पेट्रोलच्या नळ्या खांबांतून खाली येतात. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे पंखाच्या मुळाशी किंवा नळीच्या जोडावर निळसर डाग दिसला, तर तिथे गळती होती किंवा अजून आहे. तिथे तुमचा हात थांबला पाहिजे. ते काम मेकॅनिकचं.

दुसरी नजर पांढऱ्या भुकटीवर. जुन्या विमानांत पत्र्याला आतून फायबरग्लासचा कापूस चिकटवलेला असतो. खिडकीतून, अँटेनाच्या भोकातून किंवा समोरच्या काचेच्या कडेनं पाणी झिरपतं, हा कापूस ते धरून ठेवतो आणि ॲल्युमिनियम त्याखाली वर्षानुवर्षं ओलं राहतं. तुमच्या कार्पेटचा कुबट वास मला हेच सांगतोय. उंदरांनी घर केलं असेल तर आणखी वाईट, त्यांचं मूत्र पत्रा खातं. ओला कापूस सरळ फेकून द्या. चिकट थर प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढा, लोखंडी पात्यानं नाही. स्टीलवूल तर अजिबात नको. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. गंज वरवरचा आहे की पत्र्याची जाडी कमी झालीय, हे इन्स्पेक्टरला दाखवा. त्यानं होकार दिला की साफसफाई करून प्रायमर मारून घ्या. पाणी कुठून आलं ते शोधून ती जागा बंद केल्याशिवाय नवीन इन्सुलेशन लावू नका. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम मिळतो, तो घ्या, आगीच्या चाचणीच्या कागदासकट.

आता सीटांच्या रुळांकडे या. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

सेसनाची पुढची सीट मजल्यावरच्या दोन रुळांवर सरकते. रुळाला ओळीनं भोकं असतात आणि सीटची पिन त्यातल्या एका भोकात बसून सीट जागेवर धरते. पायलट आणि मागची भिंत यांच्यामध्ये त्या क्षणी धरून ठेवणारं तेवढंच असतं. उड्डाणाच्या वेळी नाक वर असतं, इंजिन पूर्ण ताकदीवर असतं. पिन निसटली की सीट मागे घसरते, पाय पेडलवरून सुटतात आणि माणूस सहजप्रवृत्तीनं हातात असलेलं योक (विमानाचं हँडल) धरतो, म्हणजे आपल्याकडे ओढतो. नाक आणखी वर जातं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते, तीही जमिनीपासून हाकेच्या अंतरावर. अशा अपघातांत माणसं गेली आहेत. म्हणूनच एफएएनं १९८७ साली या रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला आणि २०११ मध्ये त्याच्या जागी नवा आणला, क्रमांक २०११-१०-०९. दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी रूळ, पिन, चाकं आणि सीटचे पाय तपासायचे असतात. रुळाचं भोक झिजून ०.४२ इंचापेक्षा, म्हणजे साधारण १०.७ मिलिमीटरपेक्षा मोठं झालं असेल तर तो रूळ बदलावा लागतो. ही तपासणी मालकाच्या यादीत येत नाही, मेकॅनिकनंच करायची.

कुशनकामाशी याचा थेट संबंध आहे. भोकात कार्पेटचे धागे, गोंद आणि धूळ साचली की पिन वरवर टेकते आणि ‘खट’ असा आवाजही येतो, पण ती पूर्ण खाली गेलेली नसते. नवीन कार्पेट रुळाला खेटून जाड लावलं की हेच होतं. म्हणून कार्पेटची कड रुळापासून मोकळी कापा, ओव्हरलॉक करा, म्हणजे धागे सुटणार नाहीत. भोकं एकेक करून काडीनं साफ करा. सीट बसवल्यावर प्रत्येक जागी पिन पूर्ण उतरते का, हे टॉर्च धरून डोळ्यांनी बघा, आवाजावर विसंबू नका. सीट काढताना रुळाच्या टोकांचे स्टॉप काढावे लागतात. ते परत लागले आहेत ना, हे तुम्ही एकदा बघा आणि भागीदाराला एकदा बघायला सांगा. पायलटच्या सीटला मागे घसरू न देणारा दुसरा, वेगळा लॉक सेसनानंच बनवलेला आहे. तुमच्या विमानात तो नसेल तर या कामातच बसवून घ्या.

छत उघडं असतानाच खांद्याच्या पट्ट्यांचा विचार करा. १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना पुढच्या सीटांसाठी ते सक्तीचे आहेत, १२ डिसेंबर १९८६ नंतरच्यांना सगळ्याच सीटांसाठी. तुमचं विमान त्याआधीचं, त्यामुळे मागे बहुधा नुसते कमरेचे पट्टे असतील. बसवण्याचे मंजूर संच मिळतात. माझं मत विचाराल तर लेदरचे पैसे आधी इथे घाला. मागे तुमची मुलं बसणार असतील, तर यावर दुसरा विचारही करू नका. जुने पट्टे विरले असतील तर ते एफएएनं मान्यता दिलेल्या रिपेअर स्टेशनकडूनच नव्यानं शिवून घ्यायचे. गाडीच्या सीटवाल्यानं बेल्टला सुई लावायची नाही, तो कितीही कसबी असला तरी.

त्या कारागिराला कव्हरं शिवू द्या. त्याच्या हाताला वळण असेल तर काम चांगलंच होईल. पण कापड, फोम, गोंद तुम्ही आणून द्या, जुनी कव्हरं उसवून नमुना म्हणून द्या आणि हे काम कुणाच्या सहीनं विमानात बसणार, ते तुमच्या मेकॅनिकशी आधी ठरवा.

कापड कोणतं? १७२ ला मूळ प्रमाणपत्र १९५५ साली सीएआर-३ या जुन्या नियमांखाली मिळालं. त्यात आतल्या सामानासाठी आगीची अट सौम्य आहे : आडवं धरलेलं कापड मिनिटाला २० इंचांपेक्षा वेगानं जळू नये. गाड्यांच्या कापडासाठी अमेरिकेत एफएमव्हीएसएस ३०२ हे मानक आहे, त्याची मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४ इंच. आकडे बघता गाडीचं प्रमाणित कापड तुमच्या विमानाच्या जुन्या अटीपेक्षा सरस ठरतं. तरी दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. त्याच मालाचं लेखी प्रमाणपत्र घ्या, लॉगबुकासोबत ठेवा आणि इन्स्पेक्टरला ते मान्य आहे ना, हे थान कापण्याआधी विचारा. मी स्वतः गिऱ्हाइकांना मोठ्या विमानांच्या चाचणीत उतरलेलं कापड घ्यायला सांगते. त्या चाचणीत उभ्या टांगलेल्या पट्टीला १२ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर पट्टी सरासरी १५ सेकंदांच्या आत विझली पाहिजे आणि ८ इंचांपेक्षा जास्त जळालेली नसली पाहिजे. हवेत असताना केबिनमध्ये धूर झाला, तर गाडीसारखं कडेला थांबता येत नाही. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

लेदरबद्दल : टेक्सासच्या उन्हात हँगरबाहेर उभ्या राहणाऱ्या विमानाला मी पूर्ण लेदर सुचवत नाही. पाठ भिजते, मांड्या चिकटतात, वजनही वाढतं. बसायच्या मधल्या भागाला लोकरमिश्रित कापड आणि घासल्या जाणाऱ्या कडांना लेदर, हे मला सगळ्यात टिकाऊ वाटतं. फोम दोन थरांत घ्या, खाली घट्ट, वर मऊ. जाडी मूळच्याइतकीच ठेवा, नाहीतर डोकं छताला लागेल आणि समोरच्या काचेतून दिसणारं चित्रच बदलेल. लँडिंगच्या वेळी ते फार जाणवतं.

वजन काट्यावर करा. निघालेली प्रत्येक वस्तू आणि बसणारी प्रत्येक वस्तू, दोन्ही लिहून ठेवा. तुमच्या आकाराच्या विमानात एका पौंडापर्यंतचा फरक नगण्य धरतात. त्यापुढे वेट अँड बॅलन्सचा, म्हणजे विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा, कागद नव्यानं करावा लागतो, तो मेकॅनिक करेल. १७२एमचं कमाल वजन २३०० पौंड आहे. दोन थर जाड कार्पेट आणि भरपूर इन्सुलेशन घालून बसलात, तर तेवढं वजन तुमच्या सामानातून किंवा पेट्रोलमधून वजा होतं.

प्लॅस्टिकचं थोडक्यात. ते एबीएस आहे, उन्हानं ठिसूळ होतं. तडा मागच्या बाजूनं फायबरग्लासची जाळी लावून बुजवता येतो. एबीएसचे तुकडे एमईके सॉल्व्हंटमध्ये विरघळवून केलेली लापशी भेगेत छान धरते, पण मास्क लावून आणि दारं उघडी ठेवूनच. मग प्लॅस्टिकचा रंग मारा. स्क्रू आवळताना हात हलका ठेवा. समोरच्या पॅनेलच्या वर, कंपासजवळ, पितळेचे किंवा चुंबकाला न चिकटणारे स्क्रू वापरा आणि शेवटी कंपास तपासून घ्या. सूचनांच्या पट्ट्या, म्हणजे प्लॅकार्ड, रंगाखाली जातात किंवा जुन्या पॅनेलबरोबर कचऱ्यात जातात. त्यातल्या बऱ्याच कायद्यानं आवश्यक असतात. कुठे काय लिहिलं होतं याचे फोटो पहिल्याच दिवशी काढा आणि नव्या पट्ट्या त्याच जागी लावा.

प्रश्न : ताई, माझे यजमान ओहायोमध्ये पायपर चेरोकी उडवतात. सातारा भागातून आणलेली आमच्या आजेसासऱ्यांची घोंगडी आणि दोन सोलापुरी चादरी घरात नुसत्या पडून आहेत. मागच्या सीटला त्यांची कव्हरं शिवली तर? आपल्या मातीचं काहीतरी विमानात असावं, अशी फार इच्छा आहे.

उत्तर : इच्छा मला मनापासून पटली. चादर आणि घोंगडी मात्र आगीच्या बाबतीत एका माळेत बसत नाहीत. सोलापुरी चादर सुती आहे. सूत पटकन पेटतं आणि ज्योत वर चढत जाते. आग रोखणारं रसायन लावून मिळतं, पण कापड धुतलं की ते बऱ्याचदा उतरतं. तुमच्या चेरोकीला केबिनचं दार एकच, तेही उजवीकडे पंखावर उघडणारं. मागे बसलेल्यांना पुढच्यांच्या नंतर त्याच दारातून बाहेर यायचं असतं. म्हणून मागच्या सीटवर सुती कव्हर मला नको वाटतं.

घोंगडी लोकरीची. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, विमानांच्या सीटांना लोकरीचं कापड वापरतात त्यामागे हेही कारण आहे. तरीही घोंगडीचा एक तुकडा प्रयोगशाळेत चाचणीला पाठवावा लागेल, कारण हातमागाच्या मालासोबत कुठला कागद येत नाही. तुकडा फोम आणि अस्तरासकट पाठवा. नुसतं कापड पास होतं आणि खालचा फोम पेटतो, असंही घडू शकतं. प्रमाणपत्र आलं तर मेकॅनिकला दाखवून जरूर शिवा. पण धनगरी घोंगडीची लोकर भरड असते, ती टोचते आणि तिचे केस गळतात, म्हणून बसायच्या भागाला न लावता पाठीच्या मागच्या बाजूला तिचा पट्टा लावा. तिथे तिची काळी-करडी वीणही छान दिसेल. आजोबांची अख्खी घोंगडी कापायला जीव होत नसेल, तर कडेची जीर्ण पट्टी घ्या.

चादर मात्र घडी करून सामानात ठेवा. उतरल्यावर पंखाच्या सावलीत गवतावर अंथरायला तिच्यासारखं काही नाही.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात घरीच आरव्ही-१० विमान बांधतोय. एक्स्पेरिमेंटल असल्यामुळे कापडाचे नियम मला लागू नाहीत, असं ऐकलं. मग होम सेंटरमधलं स्वस्त कार्पेट चिकटवून टाकू का?

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. स्वतः बांधलेल्या एक्स्पेरिमेंटल विमानाला प्रमाणित विमानांचे हे नियम लागू होत नाहीत. पण स्वस्त कार्पेट बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचं असतं. ते वितळून ठिबकतं, आणि तुमच्या पायाशी, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) अलीकडे, ते नको. एक पट्टी कापून हँगरच्या बाहेर, हाताशी पाणी ठेवून, चिमट्यात धरून पेटवून बघा. हा प्रयोग प्रमाणपत्राची जागा घेत नाही, पण नको तो माल लगेच ओळखू येतो. प्रमाणित विमानाचं कार्पेट वाराच्या मापानं मिळतं आणि आरव्ही-१० ला फार लागत नाही.

आणि चिकटवू मुळीच नका. दर वर्षी कंडिशन इन्स्पेक्शनला मजल्याची झाकणं उघडायची आहेत. कार्पेटचे तुकडे त्या झाकणांच्या मापानं वेगवेगळे कापा, कडा शिवून घ्या आणि खाली वेल्क्रोच्या पट्ट्या लावा. रडर पेडलच्या आसपास तर अजिबात सैल कड ठेवू नका. पेडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत दाबून, ब्रेक लावून, कार्पेट कुठे गोळा होत नाही ना ते बघा, आणि मगच पुढचा तुकडा बसवा.